टीडीडी कळते, पण वळत नाही. गटात बसून सराव केल्याने खरोखर फरक पडतो का?

तुम्ही विचारले आहे की टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट (टीडीडी), म्हणजे कोड तपासणारी टेस्ट आधी आणि कोड नंतर लिहिण्याची पद्धत, हिच्याविषयी वाचून झाले, व्हिडिओ पाहून झाले, तरी प्रत्यक्ष कामात आधी कोड आणि मागून टेस्ट असेच होते. अशा वेळी कोडिंग डोजो (गटाने एकत्र बसून कोडिंगचा सराव करण्याची बैठक) किंवा प्रोग्रॅमर मंडळींच्या मीटअपला जाण्यात अर्थ आहे का. माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे, मात्र मीटअप कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहून घ्या.

प्रोग्रॅमर केंट बेक यांनी ही पद्धत एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कार्यपद्धतीच्या बरोबरीने रुजवली आणि तिचे नियम एका दमात सांगून होतात: नापास होणारी छोटी टेस्ट लिहायची, ती पास होण्यापुरताच कोड लिहायचा, मग टेस्ट हिरव्या (म्हणजे पास) ठेवून कोड नीटनेटका करायचा, म्हणजेच रिफॅक्टरिंग करायचे. अवघड आहे ते पाऊल केवढे टाकायचे हे ठरवणे. पहिली टेस्ट कोणती निवडली, कुठे थांबून रिफॅक्टरिंग केले, कोणती कल्पना मनात आली असूनही पुढच्या टेस्टसाठी राखून ठेवली, यातले काहीही तयार कोडमध्ये उरत नाही. ते पाहायचे तर लिहिणाऱ्याच्या शेजारीच बसावे लागते. गायकीतल्या जागा जशा नोटेशन वाचून गळ्यावर चढत नाहीत, तसेच हे आहे.

म्हणूनच केवळ स्लाइड दाखवणारे व्याख्यान असेल तर ते घरी बसूनही ऐकता येईल. जिथे कीबोर्डवर तुमचे हात पडणार आहेत अशाच ठिकाणी जा. रँडोरी पद्धतीच्या डोजोमध्ये दोघे जण पडद्यासमोर एकाच कीबोर्डवर बसतात, दर पाच-सात मिनिटांनी त्यांतला एक उठतो आणि प्रेक्षकांतला कोणीतरी त्याच्या जागी येतो. अनेक ठिकाणी असा नियम असतो की टेस्ट लाल (म्हणजे नापास) असेपर्यंत फक्त ती जोडी बोलेल आणि हिरवी झाल्यावरच इतरांनी सूचना करायच्या. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे रचनेविषयीची चर्चा आपोआप योग्य क्षणी होते: जेव्हा कोड चालत असतो आणि तो बदलणे सुरक्षित असते.

मला स्वतःला सर्वाधिक मिळाले ते कोडरिट्रीटमधून. हा प्रकार जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे सुरू झाला. दिवसभर एकच प्रश्न सोडवायचा, बहुतेक वेळा गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा गेम ऑफ लाइफ, म्हणजे चौकटींच्या जाळीवरचा खेळ, ज्यात प्रत्येक चौकट ही एक जिवंत किंवा मृत पेशी असते. 45 मिनिटांचे एक सत्र, प्रत्येक सत्राला नवा जोडीदार आणि सत्र संपले की कोड पूर्ण पुसून टाकायचा. पुसण्याचा हा नियम नवख्यांना जाचक वाटतो. पण कोड राहणारच नाही हे ठाऊक असल्यावर 'संपवायचे आहे' ही घाई जाते आणि लक्ष पद्धतीवर येते.

या खेळातील नियम असे: जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती टिकते, नाहीतर मरते; मृत पेशीला नेमके तीन असतील तर ती जिवंत होते. बहुतेक जण सवयीने आधी ओळी-रकान्यांचा दुमिती अ‍ॅरे मांडतात, मग कडेच्या पेशींचे शेजारी मोजण्यात गुंततात आणि वेळ संपतो तेव्हा खेळाच्या एकाही नियमाची टेस्ट झालेली नसते. एका सत्रात माझ्या जोडीदाराने जाळी काढूच दिली नाही. त्याने पहिली टेस्ट लिहिली: जिवंत पेशी, एक शेजारी, उत्तर 'मृत'. फंक्शनला फक्त दोनच गोष्टी द्यायच्या होत्या, पेशी जिवंत आहे का आणि शेजारी किती. चार-पाच टेस्टमध्ये सगळे नियम पक्के झाले, आणि जाळीऐवजी जिवंत पेशींच्या निर्देशांकांचा एक सेट पुरेसा आहे हे त्यानंतर आपोआप सुचले. टेस्ट रचनेला दिशा देते म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले.

काही सत्रांना मुद्दाम बंधने घालतात. त्यांतले मौनाचे बंधन आवर्जून अनुभवा: एकाने टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती पास करायची, आणि दोघांनी एक शब्दही बोलायचा नाही. टेस्टचे नाव मोघम असेल तर जोडीदार भलताच कोड लिहितो, आणि नावे काळजीपूर्वक का द्यावीत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जवळपास असा गट नसेल तर ऑफिसातल्या तीन-चार सहकाऱ्यांना घेऊन आठवड्यातून एक तास मीटिंग रूममध्ये बसा. सुरुवातीला लीप वर्षाचा प्रश्न घ्या: 2023 नाही, 2024 आहे, 1900 नाही, 2000 आहे. पहिली टेस्ट पास करायला फंक्शनने नुसते 'नाही' परत करणे पुरते. ते लिहिताना हात अडखळतात, आणि नेमके त्यावरच बोलायचे असते. जॉन जॅगर यांच्या सायबर-डोजो या संकेतस्थळावर काहीही इन्स्टॉल न करता सराव करता येतो आणि प्रत्येक वेळी चालवलेल्या टेस्टचा रंग ओळीने दिसत राहतो. सलग बरेच लाल दिवे दिसले तर पाऊल मोठे पडले असे समजा आणि मागे या.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. सरावाच्या प्रश्नांत डेटाबेस नसतो, नेटवर्क नसते, आणि टेस्टविना वर्षानुवर्षे वाढलेला कोडही नसतो. तुमच्या ऑफिसात बहुधा हे तिन्ही असेल. त्यामुळे हात थोडा बसला की एमिली बाख यांनी लोकप्रिय केलेला गिल्डेड रोझ हा सराव घ्या. त्यात गुंतागुंतीचा जुना कोड हाती येतो, तो आज जसा वागतो तसा टेस्टमध्ये बांधून घ्यावा लागतो आणि मगच बदल करता येतो. प्रत्यक्ष कामात सुरुवात करायला नवे फीचर निवडू नका, एखादा बग निवडा: तो बग दाखवून देणारी नापास टेस्ट आधी लिहा, ती योग्य कारणानेच नापास होते आहे हे त्रुटीचा संदेश वाचून तपासा, आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात घाला.