लाकडी पुलाला छप्पर कशासाठी?

प्रश्न : अमेरिकेत व्हरमाँटच्या खेड्यांतल्या जुन्या लाकडी पुलांवर छप्पर दिसते. ते पुलावर बर्फ साचू नये म्हणून का?

उत्तर : नाही. उलट हिवाळ्यात बाहेरचा बर्फ आणून पुलाच्या फळ्यांवर मुद्दाम पसरत, नाहीतर घसरगाड्या आत अडत. छप्पर आणि बाजूच्या फळ्या आहेत त्या कैच्यांसाठी, म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्यांसाठी. सगळा भार पेलणाऱ्या त्या दोन कैच्यांच्या सांध्यात पाणी मुरले की लाकूड कुजते. १८०५ मध्ये फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवरचा पूल झाकला गेला. तो बांधणाऱ्या टिमथी पामरच्या मते उघडा पूल १०-१२ वर्षांत मोडकळीस येई, झाकलेला ३०-४० वर्षे टिके. प्रत्यक्षात व्हरमाँटच्या सीमेवरचा १८६६ चा झाकलेला कॉर्निश-विंडसर पूल आजही उभा आहे!

प्रश्न : व्हरमाँटमधला बार्टन्सव्हिलचा पूल वाहून गेल्यावर पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधला म्हणतात. ती पद्धत कोणती?

उत्तर : विल्यम्स नदीवरचा हा १८७० चा पूल २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात गेला. नवा पूल जानेवारी २०१३ मध्ये खुला झाला. दोन्हींची कैची जाळीची, इथिएल टाउन या अमेरिकी वास्तुविशारदाने १८२० मध्ये पेटंट घेतलेली. तिला अवजड चौकोनी तुळया आणि कोरीव सांधे लागत नाहीत. तिरक्या फळ्या एकमेकींवरून नेऊन प्रत्येक छेदावर लाकडी खुंट्या ठोकतात. एखादी फळी दगावली तरी शेजारच्या फळ्या भार घेतात. आमच्या मते या रचनेचे मोठेपण यातच आहे.

कैची सपाट जागी आडवी मांडतात. फळ्या शिकंज्यात घट्ट आवळून मगच सगळ्या थरांतून एकदम भोक पाडायचे. वेगवेगळी पाडलेली भोके जुळत नाहीत आणि खुंटी चिरते. खुंट्या ओकच्या, साधारण दीड ते दोन इंच जाडीच्या आणि चांगल्या वाळलेल्या हव्यात. वाळलेली खुंटी पुढे हवेतला ओलावा घेऊन फुगते आणि घट्ट बसते, ओली मात्र आकसून ढिली पडते. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांत फळ्यांची टोके शेजारी-शेजारी एकाच जागी आणू नयेत, तिथे पट्टा कमजोर होतो. कैचीला मध्यभागी वर बाक ठेवतात, कारण भार आल्यावर सांधे दबून बसतात. बाक नसेल तर पूल पहिल्याच वर्षी झोळीसारखा दिसू लागेल.

प्रश्न : जुन्या पुलाची पाहणी कुठून सुरू करावी?

उत्तर : काठावरच्या दगडी पायावर टेकलेल्या कैचीच्या टोकांपासून. चाकांबरोबर आलेली माती तिथे साचते, ओल धरून ठेवते आणि लाकूड आतून सडते. वरून ते धडधाकट दिसते, म्हणून टोच्या खुपसून पाहावा. सहज आत गेला तर ते लाकूड गेलेच. माती दरवर्षी काढावी. कैचीखाली आडवा लाकडी ओंडका असतो, तो कुजला की बदलता यावा म्हणूनच ठेवलेला असतो. बदलण्याआधी नदीपात्रातून टेकू उभारून भार त्यावर घ्यावा. मग छपराची गळती पाहावी. बाजू मात्र हवाबंद करू नयेत. आतली ओल सुकायला वारा लागतोच.