झाडाचा फोटो काढताना कुठे उभं राहायचं

बडोदे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोठ्या पडद्यावर उघडून सावकाश पाहिले. झाड निवडण्याची नजर तुझ्याकडे आहे. खोड मागे कललेलं, शेंडा चौकटीबाहेर आणि आभाळ पांढरंफटक, या तीन गोष्टी मात्र जवळजवळ प्रत्येक फोटोत दिसतात. पहिल्या दोन्हींचं कारण एकच: तू झाडाच्या फार जवळ उभी होतीस. जवळून शेंडा चौकटीत घ्यायचा तर कॅमेरा वर वळवावा लागतो, आणि तो वर वळला की उभ्या रेषा वरच्या अंगाला एकमेकींकडे झुकतात. वाइड लेन्सने शेंडा बसतो, पण बुंधा अगडबंब आणि माथा चिमुकला होतो.

म्हणून आधी झाडाची उंची काढ. एक सरळ काठी घे. हात समोर ताठ करून ती उभी धर. मुठीच्या वर काठी तेवढीच उरू दे, जेवढं अंतर तुझ्या डोळ्यापासून मुठीपर्यंत आहे. आता एक डोळा मिटून मागे सरकत जा. बुंध्याचा तळ मुठीच्या रेषेत आणि शेंडा काठीच्या टोकाशी आला की थांब. तिथपासून खोडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. फोटोसाठी आणखी तेवढंच मागे जायचं. वीस मीटरचं झाड असेल तर चाळीस मीटर. तिथून मोबाईल उभा धरून 2x झूम केलास की झाड चौकटीच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीत बसतं, आणि मोबाईल अगदी थोडाच वर वळवावा लागतो. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 मिमी लेन्स लावून तो उभा धरलास तरी पुरतं. खाली जमीन जास्त आली तर नंतर काप. 0.5x ला, म्हणजे मोबाईलच्या वाइड लेन्सला, झाडासाठी हात लावू नकोस.

अंतर ठरलं की झाडाभोवती एक पूर्ण फेरी मार, कॅमेरा पिशवीत ठेवून. फांद्यांमधून आभाळ कुठून मोकळं दिसतं, मागचा विजेचा खांब कुठून खोडाआड जातो, ऊन कुठल्या बाजूला आहे, हे फेरीतच कळतं. दोन पावलं डावीकडे सरकल्याने जे साधतं, ते एडिटिंगला तासभर बसूनही साधत नाही. 1879 मध्ये आखलेल्या कमाटीबागेत हा सराव चांगला होतो, कारण मोठ्या झाडांपुढे मोकळं मैदान मिळतं. विश्वामित्रीच्या काठावर मात्र चौकट जुळवायला मागे मागे सरकू नकोस. नदीत मगरी आहेत, आणि हिवाळ्यात त्या काठावर उन्हं खात पडलेल्या असतात.

आता पांढरं आभाळ. पानांच्या फटींतून चमकणारं आभाळ पाहून कॅमेरा समजतो की उजेड भरपूर आहे, आणि झाड काळं करतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +1 पर्यंत वाढवावं लागतं. पण मग आभाळ जातं. दोन्ही हवं असेल तर ऊन पाठीशी किंवा बाजूला असताना जा. बडोदे साधारण 22.3 उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो: पानं वरून चकाकतात, खोड अंधारात जातं. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही 44 अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी अकरालाही खोडावर बाजूने ऊन मिळतं. पावसाळ्यात ढगाळ आभाळ चौकटीत घेऊच नकोस. त्या दिवसांत सालीकडे वळ. ओली साल गडद होते आणि तिच्या भेगा उठून दिसतात.

वडाचं गणित वेगळं आहे. वड उंचीपेक्षा पसरतो, आणि शहरात त्याच्यासमोर पार, रिक्षा, तारा असं सगळं असतंच. पूर्ण वड एका चौकटीत कोंबण्यापेक्षा त्याच्या आत शीर. जमिनीला टेकून खोडासारख्या जाड झालेल्या पारंब्या एकामागे एक दिसतील अशी जागा शोध. आत काळोख आणि बाहेर भगभगीत ऊन, हीच तिथली अडचण. म्हणून ऊन चढण्याआधी किंवा ढग असताना जा, आणि बाहेरचा उजेड पारंबीआड लपव. हिरव्या छायेत रंगही हिरवट येतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर सोडू नकोस. मोठेपणा कळण्यासाठी माणूस हवा असेल तर तो खोडालगत उभा कर. कॅमेऱ्याजवळ उभा केलास तर झाड लहान दिसेल. वटपौर्णिमेला बुंध्यावरचं पांढरं सूत फार सुंदर दिसतं. पूजा करणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे मात्र टिपू नकोस.

पिंपळाचं पान लांब देठावर लोंबतं, त्यामुळे झुळकीनेही हलतं. शटरचा वेग 1/500 सेकंद ठेव. चैत्राच्या आसपासची तांबूस कोवळी पालवी सूर्याकडे तोंड करून टिप. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडल्यावर फुलतो. पावागढ-जांबुघोड्याकडे तो पाहायला जरूर जा, पण एक्स्पोजर -0.7 वर आण. नाहीतर लाल रंग फाटतो आणि पाकळ्यांच्या जागी सपाट केशरी डाग उरतात.

नवीन लेन्स सध्या घेऊ नकोस. पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर, घे. पानांवरची पांढरी चकाकी तो काढतो आणि खरा हिरवा रंग दिसतो. उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एवढं लक्षात ठेव. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/8 बहुतेक वेळा पुरतं. एफ/16 च्या पुढे छिद्र इतकं लहान होतं की त्यातून जाणारा उजेड पसरतो (डिफ्रॅक्शन), आणि बारीक पानं उलट मऊ होतात.

घराजवळचं एकच झाड धर आणि वर्षभर त्याच जागेवरून टिपत राहा. जागा खुणेने ठरव, फरशीचा कोपरा किंवा मैलाचा दगड, म्हणजे पानगळ आणि पालवी एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतील. पुढच्या वेळी प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ आणि खोडापासूनची पावलं लिहून पाठव. आणि व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो पाठवलास की तो दाबला जातो आणि पानं पुसट होतात, मग चूक तुझी की ॲपची ते मला कळत नाही.

तुझे काका