पहिली सुई घेण्याआधी

ताई, घाबरू नका, पण घाईही नको. आधी सेमाग्लुटाइड हे साखर आणि वजन उतरवणारं औषध काय करतं ते समजून घ्या.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, जठर सावकाश रिकामं होऊ देतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. पण काही मिनिटांतच ते विरतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, फक्त आठवडाभर टिकणारी. म्हणून इंजेक्शन आठवड्यातून एकदा. तिर्झेपटाइड हे याच जातीचं दुसरं औषध, ते जीएलपी-१ बरोबर जीआयपी या आणखी एका संप्रेरकाचं सोंग घेतं.

सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन ०.२५ मिग्रॅपासून सुरू होतं, चार आठवडे तेवढंच. हा डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो, तेव्हा रोज वजनकाट्यावर उभ्या राहू नका. (मी राहायचे!) दुसऱ्याच आठवड्यात एका पंगतीत आग्रहाला बळी पडून मी दोन जिलेब्या जास्त खाल्ल्या आणि रात्रभर मळमळत बसले. थोडं खा, सावकाश खा. डाळ, अंडी, पनीर सोडू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. साखर एकदम उतरू शकते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर तेही. पोटात जोरात दुखून कळ पाठीत जायला लागली तर पुढची सुई थांबवा आणि थेट दवाखाना गाठा.

आणि शेजारणीचं इंजेक्शनचं पेन उसनं घेऊ नका. सुई बदलली तरीही नाही.