सगळे मल्टिप्लेयर शूटर सारखेच वाटतात. नवख्याने नक्की कोणता खेळावा?

तुम्ही लिहिलंय की नवा लॅपटॉप आलाय, मित्र व्हॅलोरंटसाठी मागे लागलेत, धाकटा भाऊ मोबाइलवर बीजीएमआयमध्ये (भारतातला पबजी) बुडालेला असतो आणि तुम्हाला मात्र सगळीकडे एकच दिसतं: पळा, गोळ्या झाडा, मरा, पुन्हा सुरू. बाहेरून बघणाऱ्याला तसंच दिसणार. मी इंदूरचा. कॉलेजात असताना भंवरकुआंच्या सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने काउंटर-स्ट्राइक १.६ खेळून बिघडलेल्या पिढीतला, त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असेल, हे धरून चला.

माझी कसोटी एकच आहे. मेल्यावर मला कळतं का, की मी का मेलो? ज्या गेममध्ये कळतं, तो मी पुन्हा उघडतो. ज्यात कळत नाही, तो दिसायला कितीही भारी असो, महिन्याभरात डिलीट होतो.

काउंटर-स्ट्राइकमध्ये कळतं. १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेममध्ये फेरफार करून बनवलेला एक मॉड म्हणून तो सुरू झाला, पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतःचा म्हणून बाजारात आणला आणि २०२३ च्या सप्टेंबरात त्याचा काउंटर-स्ट्राइक २, म्हणजे सीएस टू, झाला. एवढ्या वर्षांत गाभा तोच: पाचाविरुद्ध पाच, टेररिस्ट बॉम्ब लावणार, काउंटर-टेररिस्ट तो अडवणार, आणि एकदा मेलात की राउंड संपेपर्यंत बाहेर बसून बघायचं. पळता पळता गोळी झाडली की ती भलतीकडे जाते. थांबून झाडावी लागते, आणि पटकन थांबायचं तर उलट दिशेचं बटण टिचकीसारखं दाबावं लागतं. एके-४७ चं बटण दाबून धरलं की नळी आधी वर चढते, मग आडवी झुलते, पण दरवेळी जवळपास त्याच वाटेने. म्हणजे ती वाट हाताला शिकवता येते. नशिबाचा भाग थोडा उरतो, पण बहुतेक वेळा मरण आपल्या हातूनच आलेलं असतं.

खरी मजा मात्र नेमबाजीत नाही. समजा, तुम्ही काउंटर-टेररिस्ट आहात, एकटे उरलात. समोरचाही एकटा, आणि बॉम्ब लागलाय. फुटायला ४० सेकंद. निकामी करायला १० सेकंद लागतात, ४०० डॉलरचं किट घेतलं असेल तर ५. तो कुठेतरी कोपऱ्यात दबा धरून बसलाय. तुम्ही बॉम्बजवळ जाऊन कीबोर्डवरचं ई दाबता आणि लगेच सोडता. निकामी करायला घेतल्याचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये जातो. तो घाबरून बाहेर डोकावला, तर तुमची बंदूक तयार असते. पण तोही मुरलेला असला तर डोकावत नाही, त्याला ठाऊक असतं की हा फेक आहे. मग तुम्ही दुसऱ्यांदा ई दाबता, पुन्हा सोडता. आता तिसऱ्यांदा दाबून धरायचं की नाही? तो याच वेळी येईल का? घड्याळ पळतंय आणि मेलेले चार साथीदार गप्प बसून तुमच्या स्क्रीनकडे बघतायत. (गप्प बसले तर. आपल्याकडे एक जण हमखास ओरडतो, 'भिया, चिपक जा!', म्हणजे बॉम्बला चिकटून बस, सोडू नको.)

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात: पैसा. बंदुका राउंडच्या सुरुवातीला गेममधल्याच पैशातून विकत घ्यायच्या असतात. सीएसमध्ये हरणाऱ्या टीमला लागोपाठ हरल्याबद्दल वाढती भरपाई मिळते, आधी १४००, मग १९००, २४०० असं करत ३४०० पर्यंत. म्हणजे चार राउंड सडकून मार खाल्ला तरी पाचव्यात हातात धड बंदूक येते. २००७ च्या कॉल ऑफ ड्यूटी ४ ने नेमकं उलट केलं. न मरता तीन मारले की रडार, पाच मारले की विमानातून बॉम्ब, सात मारले की हेलिकॉप्टर. जो आधीच सरस आहे, त्यालाच वरून हेलिकॉप्टर! तो गेम प्रचंड चालला, त्याची हाताला बसणारी बंदूक आजही कुणाला जमलेली नाही, शनिवारी रात्री अर्धा तास डोकं बाजूला ठेवून खेळायला उत्तम. पण तिथे मेलं की काही सेकंदांत पुन्हा जन्म, त्यामुळे का मेलो हे विचारायला कुणी थांबतच नाही. मला ते रिकामं वाटतं. तुम्हाला कदाचित तेच हवं असेल.

आता व्हॅलोरंट, कारण मूळ प्रश्न त्याचाच आहे. २०२० च्या जूनमध्ये आला, हाडं सगळी सीएसची. थांबून नेम, विकतच्या बंदुका, तेरा राउंड जिंकायचे, बॉम्बच्या जागी स्पाइक. वर पात्रांच्या शक्तींचा थर: कुणी धूर सोडतं, कुणी भिंत उभी करतं, कुणी डोळे दिपवतं. सीएसवाले नाक मुरडतात, मी फारसा मुरडत नाही. नवख्यासाठी त्यात एक सोय आहे. नेम कच्चा असला तरी सेज नावाचं पात्र घेऊन साथीदाराला जिवंत केलंत, तर टीमला तुमचा उपयोग आहे. सीएसमध्ये नेम नसलेल्या माणसाला पहिले काही आठवडे कुणी विचारत नाही. शिवाय लोटस नावाचा त्यांचा एक मॅप आपल्या पश्चिम घाटात बेतलाय, फिरणारे दगडी दरवाजे वगैरे. पहिल्यांदा खेळलो तेव्हा उगीचच बरं वाटलं. तक्रार एवढीच की पात्रं वाढत चाललीत, आणि नव्या माणसाला आधी दोन डझनांहून जास्त लोकांच्या शक्ती पाठ कराव्या लागतात. तोवर आपण कशाने मेलो, ते कळत नाही.

एक सावधगिरी. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा चीटिंग पकडणारा प्रोग्राम विंडोजच्या अगदी मुळाशी बसतो आणि मशीन सुरू होतानाच सुरू होतो. त्यामुळे चीटर कमी भेटतात, हे खरं. पण लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तो टाकू नका. विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीही चालू लागतात.

बीजीएमआयला मी शूटर म्हणून फार मानत नाही, पण भावाला रागावू नका. शंभर जण, आठ किलोमीटर बाय आठ किलोमीटरचा एरँगल नावाचा मॅप, त्यात वीस मिनिटं सामान गोळा करत हिंडायचं आणि मग डोंगरावरून कुणीतरी टिपतं. कुणी, कुठून? देव जाणे. माझ्या कसोटीवर तो सपशेल नापास. तरी मी खेळतो, कारण ती वीस मिनिटं म्हणजे गप्पांचा अड्डा आहे. नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली आमच्या लोकमान्य नगरची अर्धी पोरं मला तिथेच भेटतात. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत तोच बीजीएमआय होऊन परतला, वर्षभराने पुन्हा स्टोअरमधून गायब, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा हजर. मधल्या काळात आमचा ग्रुप कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलवर सरकला होता. गप्पा त्याच.

गेम कुठलाही घ्या, एक मरण तुम्हाला अन्याय वाटणारच: 'मी भिंतीआड पोचलो होतो, तरी मेलो!' हे पिंगचं काम, म्हणजे सिग्नलला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचं. गोळी लागली का, हे सर्व्हर ठरवतो, आणि ठरवताना तो क्षणभर मागे जाऊन झाडणाऱ्याला काय दिसत होतं ते बघतो. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून उघड्यावर होता. म्हणूनच कोपऱ्यात थांबलेल्यापेक्षा कोपऱ्यातून झपकन बाहेर येणाऱ्याला किंचित आधी दिसतं, आणि पिंग वाढलं की हा फरक वाढतो. फायबरमधून सिग्नल एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. इंदूर-मुंबई रस्त्याने सहाशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद पुरायला हवेत. माझ्याकडे तीस-पस्तीस लागतात, बाकीचे कंपनीच्या आडवळणाच्या रूटमध्ये जातात. तिथे आपलं काही चालत नाही, पण वायफाय सोडून लॅनची वायर लावणं आपल्या हातात आहे. वायफायवर पिंग नाचतं, आणि नाचणारं पिंग जास्तीच्या पिंगपेक्षा वाईट. सर्व्हर मुंबईचाच निवडा, सिंगापूर नको.

माइकबद्दल न लिहिता संपवलं तर अर्धंच उत्तर होईल. मुंबई सर्व्हरवर देशभरातले लोक येतात, भाषा हिंदी, आणि शिव्या अशा की आईसमोर स्पीकर लावायची सोय नाही. माझी आतेबहीण माझ्यापेक्षा चांगली खेळते, पण माइक कधी उघडत नाही. आवाज ऐकला की दोन जण लग्नाचं विचारतात आणि तिसरा स्वयंपाकघरात पाठवतो. ती टाइप करूनच कळवते, 'बी दोन, एक लो' (बी या जागी दोघे, त्यातला एक मरायला टेकलेला), आणि मॅच जिंकते. म्यूटचं बटण कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. पुण्याचा मावसभाऊ आणि मी एकत्र असलो की मराठीत बोलतो, मग उरलेले तिघे वैतागतात. त्यात त्यांची काही चूक नाही.

तर तुमच्यासाठी: मित्र व्हॅलोरंटवर आहेत ना? मग तिथेच जा. पाच ओळखीचे असले की कुठलाही गेम निम्म्याने सुधारतो, आणि साध्या ग्राफिक्सच्या लॅपटॉपवरही तो चालतो. सीएस टू त्या मानाने जड आहे. पण आठवड्यातून एकदा सीएसची डेथमॅच (मेलं की लगेच परत, नुसता नेमबाजीचा सराव) खेळत जा, थांबून झाडायची सवय तिथे लागते. स्किनवर, म्हणजे बंदुकांच्या रंगरंगोटीवर, पैसे घालू नका, त्याने नेम सुधारत नाही, आणि आत कुठली स्किन निघेल हे नशिबावर सोडून पैशाने सीएसच्या पेट्या उघडणं हा सरळ जुगार आहे. बेल्जियमने २०१८ मध्येच असल्या पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवलं. ते पैसे माउस आणि मोठ्या पॅडवर खर्च करा. टचपॅडवर शूटर खेळता येत नाही. माउसचा वेगही कमी ठेवा, इतका की मागे वळायला हात पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा लागेल. सुरुवातीला खांदा दुखेल.