फराळाचं ब्रोशर छापताय? आधी हे वाचा

ताई, पहिल्यांदाच छापताय ना, मग एकदम पाच हजार कॉप्यांची ऑर्डर देऊ नका. ऑफसेटला, म्हणजे प्लेट बनवून मशीनवर छापतात त्याला, प्लेटचा खर्च एकदाच असतो म्हणून जास्त कॉप्या स्वस्त पडतात हे खरंय, पण दर बदलला की तो गठ्ठा रद्दीच. आधी शंभर-दोनशे डिजिटल प्रिंट (प्लेटशिवाय, थेट फाइलवरून) काढा, लोक काय विचारतात ते बघा आणि मग ऑफसेटला जा.

साइज ए४ मधोमध घडी घालून, म्हणजे ए५ ची चार पानं मिळतात, फराळाला भरपूर झाली. कागद १३० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत कागद, घ्या. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले अजिबात देऊ नका, ते कॉम्प्रेस होतात आणि चकली छापल्यावर धुरकट दिसते, ओरिजिनल फाइल ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) द्या, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडा (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून डिझाइन तेवढं बाहेर वाढवायचं). आणि मराठी मजकूर कर्व्हज करूनच (म्हणजे अक्षरांची चित्रासारखी आकृती बनवून) पाठवायला सांगा डिझायनरला, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसला की वेलांट्या, जोडाक्षरं सगळी इकडेतिकडे होतात!! प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, कागदावर बघा, फोन नंबर दुसऱ्याला वाचायला लावा आणि तो डायल करूनच बघा.

मजकूर कमी ठेवा. पदार्थ, वजन, दर, ऑर्डरची शेवटची तारीख, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवान्याचा) १४ आकडी नंबर, बास.

वाटताना पेपरात टाकण्यापेक्षा सोसायटीत सेक्रेटरींना विचारून स्वतः द्या, सोबत दोन शंकरपाळे चाखायला. दिवाळीच्या महिनाभर आधीच सुरू करा, कारण शेवटच्या आठवड्यात प्रेसवालेही बिझी असतात आणि लोकांच्या ऑर्डरी कुठेतरी देऊन झालेल्या असतात.