मुलाला मार्केटी व्हायचंय, मग पुरता मार्केटी बघू या

पत्र : आम्ही मूळचे साताऱ्याचे, आता मेरीलँडमध्ये स्थायिक. मुलगा अकरावीत आहे. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह एंड म्हणजे बचाव फळीच्या टोकाला खेळतो. गणित चांगलं आहे, यंत्रांचं वेड आहे. एका लहान कॉलेजच्या कोचने त्याला बोलावलंय. तिथे इंजिनिअरिंगही करता येईल आणि खेळताही येईल. त्याच्या मनात मात्र मोठ्या विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय जाऊन संघात शिरायचं आहे. शाळेच्या कोचने बाल्टिमोर कोल्ट्सच्या जिनो मार्केटीची गोष्ट सांगितल्यापासून ‘मला तसंच व्हायचंय’ हा धोशा लावलाय. हे म्हणतात, हाडं मोडून घेण्यात कसलं आलंय करिअर! मी दोघांच्या कात्रीत सापडले आहे. – एक आई

ताई,

कोचने कोणती गोष्ट सांगितली असेल याचा मला अंदाज आहे. 28 डिसेंबर 1958, यांकी स्टेडियम, एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगची अंतिम लढत, कोल्ट्सविरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्स 17-14 पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. जायंट्सना फक्त एक फर्स्ट डाउन हवा होता, म्हणजे चेंडू आणखी थोडा पुढे नेऊन आपल्याकडेच राखायचा होता. तो मिळाला की सामना खिशात. त्यांचा फ्रँक गिफर्ड चेंडू घेऊन निघाला आणि मार्केटीने त्याला थोडक्यात अडवलं. खेळाडूंच्या त्याच ढिगाऱ्यात कोल्ट्सचाच धिप्पाड बिग डॅडी लिप्सकोम येऊन पडला आणि मार्केटीचा पाय घोट्याजवळ मोडला. स्ट्रेचरवरून बाहेर नेत असताना त्याने स्ट्रेचर मैदानाच्या कडेलाच ठेवायला लावलं, कारण त्याला पुढचा खेळ बघायचा होता. कोल्ट्सनी बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये 23-17 ने जिंकले.

तुमच्या यजमानांना आवर्जून सांगा, मार्केटीचे वडीलही असेच होते. इटलीहून आलेला हा माणूस पोराला इजा होईल या धास्तीने त्याचा खेळ बघायलाच जात नसे. शेवटी मन घट्ट करून टीव्हीसमोर बसला तो नेमका याच सामन्याला. तेव्हा बापाच्या जिवाला लागणारा घोर खरा आहे, त्याला भित्रेपणा म्हणून उडवून लावू नका. मुलालाही तसं करू देऊ नका.

पण या सामन्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते मुलाने वाचलंय का? मार्केटीचा जन्म 1926 चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्मिदर्सचा. वाढला कॅलिफोर्नियातल्या अँटिओकमध्ये. दुसऱ्या महायुद्धात मशीनगन चालवली, बॅटल ऑफ द बल्ज या मोठ्या लढाईत लढला. परत येऊन बारमध्ये काम केलं. मोडेस्टोच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून तो सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठात पोचला. तुमच्या मुलाच्या वयात त्याच्या दारात कुणी कोच उभा नव्हता.

त्या विद्यापीठाचा 1951 चा संघ नऊच्या नऊ सामने जिंकला. हंगामाअखेरच्या मानाच्या बोल सामन्याचं आमंत्रण हवं असेल तर ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना घरी ठेवा, अशी अट समोर आली. संघाने सरळ नकार दिला. आमंत्रण गेलं, आणि विद्यापीठाने पैशाअभावी त्या हंगामानंतर हा खेळच बंद केला. मॅटसन आणि मार्केटी पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. मला मुलाशी बोलायचंय ते मात्र टोलरबद्दल. 1952 मध्ये कॉलेजच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक सामना एकही न खेळता त्याचं खेळणं संपलं. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला. 1965 मध्ये एनएफएलमधला पहिला कृष्णवर्णीय पंच झाला आणि 1980 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यातही पंच म्हणून उभा राहिला. मार्केटी आणि टोलर, एकाच संघातले दोघे. गुणांत टोलर कुठेही कमी नव्हता, गुडघा कुणाचा जाईल हे कुणाच्या हातात नव्हतं. हातात पदवी होती म्हणून तो उभा राहिला.

मार्केटीचंही सुरळीत नव्हतं. 1952 मध्ये तो डॅलस टेक्सन्सकडून खेळला. तो संघ बारापैकी एकच सामना जिंकून बंद पडला. मग बाल्टिमोर. तिथे त्याने डिफेन्सिव्ह एंड या आपल्या जागेचं तंत्रच बदलून टाकलं. सहा फूट चार इंच उंची, 110 किलो वजन, पण समोरच्याला नुसती धडक मारण्याऐवजी हातांनी त्याचा तोल घालवायचा आणि बाजूने सटकून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गाठायचं. मुलाने याच्या जुन्या फिती जरूर बघाव्यात.

त्या काळात लाइनमनचा, म्हणजे पुढच्या रांगेत झुंजणाऱ्या खेळाडूचा, पगार इतका बेताचा असे की हंगाम संपला की दुसरं काम धरावंच लागे. फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक काँक्रीट विकायचा. मार्केटीला कोल्ट्सचे मालक कॅरोल रोझेनब्लूम यांनी बाल्टिमोरमध्येच राहून धंदा कर, असा आग्रह केला. 1957 मध्ये त्याने भागीदारीत हॅम्बर्गरचं दुकान काढलं. 1958 च्या त्या सामन्यात चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन विजय मिळवून देणारा ॲलन अमीची हा त्यातला एक भागीदार. ‘जिनोज’ची पुढे तीनशेहून जास्त दुकानं झाली आणि 1982 मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीने ती साखळी विकत घेतली. साल बघा ताई. धंदा आधीचा, तो गाजलेला सामना नंतरचा. खेळ ऐन भरात असताना त्याने दुसरी वाट चालायला घेतली होती. निवृत्तीची वाट पाहिली नाही. 1972 मध्ये हॉल ऑफ फेम मिळालं, 2019 मध्ये 93 व्या वर्षी गेला.

आज पगार प्रचंड आहेत, आणि नेमकं त्यामुळेच ‘नंतर काय’ हा प्रश्न पोरं विचारेनाशी झालीत. कॉलेजात खेळून ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडूनिवडीला, पात्र ठरलेल्या शंभरांतले दोनसुद्धा एनएफएलमध्ये जात नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत : खेळू द्या, आणि लहान कॉलेज घ्या. मोठ्या विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय शिरलेला मुलगा कदाचित चार वर्षं सरावात घाम गाळेल आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसेल. शिवाय इंजिनिअरिंगच्या लॅब आणि सराव यांची ओढाताण होईल ती वेगळीच.

लहान कॉलेजच्या कोचला मात्र तोंडावर विचारा : दुखापत झाली तर आर्थिक मदत चालू राहते का? गेल्या चार वर्षांत किती लाइनमन इंजिनिअर होऊन बाहेर पडले? लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर सुट्टी कशातून? डोक्याला मार लागला तर परत खेळवायचं की नाही हे कोच ठरवतो की डॉक्टर? शेवटच्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर ते कॉलेज यादीतून काढा. लाइनवर प्रत्येक डावात डोक्याला लहानमोठे धक्के बसतात, आणि वर्षानुवर्षं साचलेल्या अशा धक्क्यांचा मेंदूवर परिणाम होतो, हे मार्केटीच्या पिढीला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ते माहीत आहे.

कॉलेज बघायला जाल तेव्हा यजमानांना सोबत न्या आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. मुलाला तोवर टोलरबद्दल दोन पानं लिहायला सांगा. प्रवेशाच्या निबंधालाही उपयोगी पडतील. उत्तरं हाती आली की मला पुन्हा लिहा, मग पैशांचा हिशोब मांडू.