शेअर केलेल्या फोल्डरमधला एकच सबफोल्डर काही सभासदांपासून लपवता येतो का?

पूर्ण लपत नाही, त्यांच्यासाठी बंद मात्र करता येतो. पण त्या वाटेला जाऊ नका. जे सगळ्यांनी बघायचं नाही ते सगळ्यांना दिलेल्या फोल्डरच्या आत ठेवायचंच नाही. तुम्ही लिहिलंय की सोसायटीचा गूगल ड्राइव्हवर एकच मोठा फोल्डर आहे, तो सगळ्या सभासदांना दिलाय आणि त्यातली थकबाकीदारांची यादी मात्र फक्त कमिटीला दिसायला हवी. हे वाचलं आणि राहवलं नाही. अशाच प्रकारापायी मी तीन आठवडे सोसायटीत चोर ठरलो होतो.

आमचे ४२ फ्लॅट, मी सेक्रेटरी. ड्राइव्हवर मी मुद्दाम दोन वेगळे फोल्डर केले होते. 'सभासद'मध्ये इतिवृत्तं, ऑडिट रिपोर्ट, सभेच्या नोटिसा. कमिटी सोडून बाकी सगळ्यांना नुसतं बघता येईल असं, कमिटी तिथेही एडिटर, म्हणजे फाइली बदलू-हलवू शकणारी. 'कमिटी'मध्ये आम्ही पाच जण, पाचही एडिटर. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं आली, ती मी स्कॅन करून 'कमिटी'त एका फोल्डरमध्ये ठेवली. रविवारी बसून दर ठरवायचे होते. शुक्रवारी चौथं कोटेशन आलं. सगळ्यात कमी दरापेक्षा चौरस फुटाला बरोबर दोन रुपये कमी, आणि ब्रिकबॅट कोब्याची जाडी, उतार, गॅरंटीची वर्षं, सगळं त्या स्वस्त कोटेशनच्याच क्रमाने लिहिलेलं.

चेअरमन भर मीटिंगमध्ये म्हणाले, "फोल्डर तुमच्या नावावर आहे, बाहेर गेलं ते तुमच्याकडूनच." लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलेनासे झाले. बारा वर्षं एक पैसा न घेता सोसायटीचं काम केलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

मी फाइली नेहमी 'रीसेंट'मधूनच उघडायचो, त्यामुळे फोल्डर जागेवर नाही हे लक्षातच आलं नव्हतं. एकदा 'कमिटी' उघडला तर आत कोटेशनचा फोल्डर नाही. शोधला तर 'सभासद'च्या पोटात. विशेष सभेत लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला, फोल्डरचे डिटेल्स उघडले आणि अ‍ॅक्टिव्हिटी दाखवली. चेअरमनचं नाव, फोल्डर हलवला, बुधवार, रात्री ११:४०. त्यांचं उत्तर होतं, "मी फक्त सगळं एका जागी लावलं. शेअर कुठे केलं?"

इथेच सगळे फसतात. ड्राइव्हमध्ये हलवणं म्हणजेच शेअर करणं. गच्चीत पाणी मुरलं की खालच्या मजल्यावर ओल येते, तशी वरच्या फोल्डरची परवानगी आतल्या प्रत्येक फाइलपर्यंत उतरते. फोल्डर इकडून तिकडे नेला की जुन्या घरातून मिळालेली परवानगी जाते आणि नव्या घरातली लागू होते. हलवण्याआधी ड्राइव्ह विचारतं सुद्धा, की आता हे कोणाकोणाला दिसेल. ते न वाचता बटण दाबणाऱ्याची चूक फोल्डरच्या मालकाची कशी? चेअरमन आजही तसंच म्हणतात, आणि मला ते आजही मान्य नाही. इतिवृत्तात 'फोल्डर सेक्रेटरींनी हलवलेला नव्हता' ही ओळ मी लिहून घेतली आहे.

कोटेशन कोणी उघडलं आणि पुढे दिलं, ते मात्र कळलं नाही. साध्या जीमेल खात्यावर फाइल कोणी पाहिली याची यादी मिळत नाही. म्हणून त्याबद्दल मी कोणावर आरोप करत नाही.

आता तुमचं. दोन फोल्डर शेजारी शेजारी करा, एकात एक नाही. कमिटीतल्या सगळ्यांना एडिटर करायची गरज नसते. एक-दोघे एडिटर, बाकीचे व्ह्यूअर. शेअरच्या खिडकीत वर जे चाक आहे, त्यात एडिटरांना परवानग्या बदलू देण्याची खूण असते, ती काढून टाका. आतच ठेवायचा हट्ट असेल तर हल्ली फोल्डरला 'लिमिटेड अ‍ॅक्सेस' लावता येतो, मग वरून उतरणारी परवानगी तिथे थांबते. पण बाकीच्यांना फोल्डरचं नाव दिसत राहतं, नुसतं आत जाता येत नाही. 'थकबाकीदार' हे नाव सगळ्या घरांना दिसलं तरी कुजबुज सुरू होते.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमच्या फोल्डरमध्ये खजिनदारांनी नवी फाइल बनवली तर ती त्यांच्या मालकीची असते, तुमच्या नाही. त्यांनी खातं बंद केलं की फाइलही गेली. पैसे भरून घेतलेल्या संस्थेच्या खात्यात शेअर्ड ड्राइव्ह मिळतो, तिथे फाइल संस्थेची राहते.

आणि यादी बाहेर काढल्यावर तिचं शेअरिंग एकदा उघडून बघाच. कोणाला ती फाइल थेट नावाने दिली असेल, किंवा लिंक असलेल्या कोणालाही उघडी ठेवली असेल, तर ते हलवल्याने जात नाही, हाताने काढावं लागतं. ज्यांनी आधीच डाउनलोड केली असेल त्यांच्याकडे ती राहणारच.